रेणूची दोन टोके

इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही सुट्या भागाला एक अंग असते आणि त्यातून बाहेर आलेले दोन-तीन पाय असतात. रोधक असो, डायोड असो किंवा ट्रान्झिस्टर, खरे काम अंगात होते आणि पाय फक्त प्रवाह आणून पोचवतात, ही समजूत मनात इतकी मुरलेली असते की ती समजूत आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. एकच रेणू घेऊन त्याला तार, डायोड किंवा खटका म्हणून वापरू पाहणाऱ्या विद्येबद्दल, म्हणजे रेणवीय इलेक्ट्रॉनिक्सबद्दल, मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे, आणि त्या वाचनाने पहिला धक्का दिला तो ह्याच समजुतीला. रेणूला पाय नसतात. ते जोडावे लागतात, आणि जोडले की तो रेणू पूर्वीचा राहत नाही.

ह्या विद्येचे आकर्षण बहुधा आकाराच्या भाषेत सांगितले जाते, आणि ते चुकीचेही नाही. बेंझीनचे कडे हायड्रोजनसकट मोजले तरी जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरचे भरते, आणि सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची रचना ज्या अंतरावर पुन्हा पुन्हा येते ते अंतरही ०.५४३ नॅनोमीटर, म्हणजे जवळपास तेवढेच आहे. (आजच्या चिपांवर छापलेले '३ नॅनोमीटर' हे पिढीचे नाव आहे, त्या चिपवरच्या कुठल्याही भागाचे माप नव्हे, तिथले प्रत्यक्ष भाग त्याच्या कितीतरी पट मोठे असतात.) तरीही मला आकारापेक्षा दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते, ती म्हणजे सारखेपणा. सिलिकॉनमध्ये परके अणू मिसळून त्याची वाहकता घडवली जाते, आणि हे अणू कुठे जाऊन बसतील ते नेमके ठरवता येत नाही. ट्रान्झिस्टर मोठे होते तोवर ह्या विखुरलेपणाची सरासरी निघून जात असे. ते आक्रसत गेले तसे एका ट्रान्झिस्टरमध्ये हे अणू मोजकेच उरू लागले आणि शेजारच्या ट्रान्झिस्टरमधली त्यांची संख्या वेगळी भरू लागली. रेणूच्या बाबतीत ही अडचण मुळातच नाही. समस्थानिकांचा किरकोळ फरक सोडला, तर बेंझीनचा एक रेणू आणि दुसरा रेणू ह्यांत काहीच वेगळे नसते, आणि रसायनशास्त्रज्ञ एका साध्या चंबूत असे १०²⁰ हून अधिक रेणू एका दिवसात तयार करतो. कोणत्याही कारखान्याला इतके तंतोतंत एकसारखे भाग आजवर काढता आलेले नाहीत.

म्हणजे भाग निर्दोष आहे आणि मुबलकही आहे. मग पन्नास वर्षे कशात गेली? माझ्या मते ती सगळी टोकांत गेली.

आरंभ म्हणून १९७४ साल सांगितले जाते. आयबीएममध्ये काम करणारा एरी अविराम न्यूयॉर्क विद्यापीठात मार्क रॅटनर ह्यांच्या हाताखाली संशोधन करत होता, आणि त्या दोघांनी 'केमिकल फिजिक्स लेटर्स' ह्या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कल्पना अशी होती की रेणूच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन सहज देऊ शकणारा गट असावा, दुसऱ्या बाजूला ते सहज स्वीकारणारा गट असावा आणि दोहोंच्या मध्ये मिथिलीनचा (एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अशा गटाचा) पूल असावा, जेणेकरून दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळून जाणार नाहीत. अशा रेणूतून प्रवाह एका दिशेने सहज जाईल आणि उलट दिशेने अडेल, म्हणजेच एकटा रेणू डायोडचे काम करील. रेणू कागदावर होता, त्याची ऊर्जापातळीही कागदावर होती, आणि ज्या दोन धातूंच्या मध्ये तो उभा राहायचा ते धातू आकृतीत दोन रेघांसारखे दाखवले होते. त्या काळी एका रेणूला दोन्ही बाजूंनी धरणारे उपकरणच अस्तित्वात नव्हते, त्यामुळे ह्याहून अधिक काही करणे शक्यही नव्हते. तरीही ती आकृती पाहताना माझी नजर दर वेळी मधल्या रेणूवरून घसरून त्या दोन रेघांवर जाते, कारण पुढचा सगळा पेच त्यांच्यातच दडलेला होता.

प्रयोगाची वाट त्याआधीच थोडी खुली झाली होती, हेही नोंदवायला हवे. १९७१ साली हान्स कून आणि बी. मान ह्यांनी मेदाम्लांच्या क्षारांचे एक रेणू जाडीचे थर दोन धातूंच्या मध्ये घालून त्यांतून जाणारा प्रवाह मोजला होता. साखळी लांबत गेली तसा प्रवाह थोडाथोडा कमी न होता घातांकाने घसरत गेला. हे टनेलिंगचे लक्षण आहे: इलेक्ट्रॉन साखळीतून पाण्यासारखा वाहत नाही, तर जिथे त्याला राहायला जागाच नाही असा टापू तो क्वांटम नियमांच्या आधाराने ओलांडून जातो. पुढे एकेका रेणूवर मोजमापे झाली तेव्हाही हाच नियम दिसला. संपृक्त, म्हणजे केवळ एकेरी बंधांच्या, साखळीत एक कार्बन वाढवला की वाहकता सुमारे अडीच ते तीन पटींनी घटते. दुहेरी बंध एकाआड एक असलेल्या साखळीत ही घसरण पुष्कळ मंद असते. ओहमच्या नियमावर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट होतो आणि विषय संपतो.

रेणूला खरोखर धरण्याची सोय १९८० नंतर झाली. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर ह्यांनी आयबीएमच्या झुरिक येथील प्रयोगशाळेत स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप १९८१ साली तयार केला आणि १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. धातूची एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन एकेका अणूपर्यंत पोचता येऊ लागले. दुसरी रीत मला अधिक आवडते, कारण ती जवळजवळ उद्धट आहे: सोन्याची बारीक तार एका लवचीक पट्टीवर चिकटवायची, पट्टी खालून हळूहळू वाकवायची आणि तार तुटू द्यायची. पट्टी वाकल्याने होणारे मोठे सरकणे तुटलेल्या टोकांमध्ये अत्यंत सूक्ष्म होऊन उतरते, त्यामुळे त्या दोन टोकांमधली फट नॅनोमीटरच्याही अंशाने कमीजास्त करता येते. १९९७ साली मार्क रीड, जेम्स टूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच रीतीने बेंझीनच्या कड्याला दोन्ही बाजूंनी गंधक लावलेला रेणू सोन्याच्या दोन टोकांमध्ये अडकवून त्यातून जाणारा प्रवाह मोजला. गंधक सोन्याला घट्ट धरतो, म्हणून तो रेणूच्या दोन्ही टोकांना चिमट्यासारखा बसवला होता. निकाल गाजला, पण गणिताने सांगितलेला प्रवाह आणि मोजलेला प्रवाह ह्यांत अनेक पटींचे अंतर होते, आणि गणित चुकले की मोजमाप, ह्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली.

ह्या वादाचे मूळ समजून घेण्यासाठी तार तुटताना नेमके काय होते ते पाहिले पाहिजे. सोन्याची तार ओढत गेलो की शेवटी दोन टोकांमध्ये एकच अणू उरतो, आणि त्या क्षणी वाहकता एका ठराविक मूल्यावर येऊन थांबते. ते मूल्य इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक ह्या दोहोंतूनच निघते आणि रोधाच्या रूपात सांगायचे तर सुमारे १२.९ किलोओहम भरते. भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ लँडाउअर ह्यांनी ज्या दृष्टीने वाहकतेकडे पाहायला शिकवले तीत हा आकडा अगदी स्वाभाविक आहे: वाहकता म्हणजे एका टोकाकडून आलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला पोचण्याची संभाव्यता, आणि एका वाटेवर ती संभाव्यता पूर्ण असली तरी रोध १२.९ किलोओहमच्या खाली जात नाही. उरलेला हा रोध कोणत्याही पदार्थाचा नाही, तो रुंद धातूतून अरुंद वाटेत शिरण्याचा आहे. तार आणखी ओढली की तो शेवटचा अणूही सुटतो आणि वाहकता कोसळते, पण आसपास योग्य रेणू असतील तर कोसळता कोसळता ती एखाद्या खालच्या पायरीवर क्षणभर टेकते. ती पायरी म्हणजे फटीत अडकलेला रेणू.

आता अडचण अशी की ही पायरी प्रत्येक वेळी त्याच उंचीवर येत नाही. सोन्याचे टोक कधी एका अणूचे असते तर कधी तीन अणूंच्या खळग्यासारखे, रेणू कधी ताठ उभा राहतो तर कधी तिरपा, कधी एक रेणू सापडतो तर कधी शेजारीशेजारी दोन. रेणू तोच असूनही वाहकता मात्र वेगळी येते. २००३ साली बिंगचियान शू आणि नोंगजियान ताओ ह्यांनी ह्यावर जो तोडगा काढला तो मला ह्या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी सुई सोन्यात रुतवून बाहेर ओढण्याची क्रिया हजारो वेळा आपोआप होत राहील अशी सोय केली आणि सर्व पायऱ्यांचा, म्हणजे कोणती वाहकता किती वेळा दिसली ह्याचा, एकच आलेख मांडला. सोन्याच्या एका अणूचे शिखर आपल्या जागी आले आणि त्याच्या सुमारे शंभरपट खाली त्यांनी घेतलेल्या बायपिरिडीनच्या रेणूचे शिखर आले. एका मोजमापाला कोणी विचारू नये, हजारांना विचारावे, आणि उत्तर शिखराच्या रुंदीसकट सांगावे, असा दंडक त्यानंतर ह्या क्षेत्रात पडला. 'एका रेणूची वाहकता' असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर अशा हजारो जोडण्यांमध्ये सर्वाधिक वेळा आढळलेले मूल्य सांगत असतो.

फटीत खरोखर आपलाच रेणू आहे हे ओळखायचे कसे, हाही साधा प्रश्न नव्हता. नेदरलँड्समधील लायडन येथे यान फान रायतनबेक ह्यांच्या गटाने २००२ साली प्लॅटिनमच्या दोन टोकांमध्ये हायड्रोजनचा एक रेणू पकडला तेव्हा त्यांनी त्याच्या कंपनांची ऊर्जा प्रवाहातूनच वाचली, आणि हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे त्याचाच जड समस्थानिक, घातल्यावर ती ऊर्जा अपेक्षित प्रमाणात बदलते हे दाखवले. अणूचे वस्तुमान बदलल्याने आलेखातले स्थान सरकले, तर त्या आलेखामागे तोच रेणू आहे ह्याविषयी शंका उरत नाही. इतका नेटका पुरावा सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही.

एकदा मोजमापांवर भरवसा बसू लागल्यावर रेणूचे खरे स्वभाव दिसू लागले, आणि इथे हा विषय मला मनापासून आनंद देतो. कोलंबिया विद्यापीठात लता वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एकमेकांना जोडलेल्या दोन बेंझीन कड्यांचे वेगवेगळे रेणू घेतले, ज्यांत एक कडे दुसऱ्याच्या तुलनेत वेगवेगळ्या कोनांत वळलेले होते. दोन्ही कडी एका पातळीत असताना वाहकता सर्वाधिक होती, आणि ती जवळपास काटकोनात आली तेव्हा सुमारे वीसपट घसरली. मधली सगळी मूल्ये त्या कोनाच्या कोज्येच्या वर्गाप्रमाणे पडली. म्हणजे इथे रोध पदार्थाच्या जातीवर ठरत नाही, वळणावर ठरतो. त्याहून विलक्षण प्रकार एकट्या बेंझीनच्या कड्याचा आहे. दोन टोके कड्यावर समोरासमोर जोडली तर प्रवाह बऱ्यापैकी जातो, पण तीच टोके एक जागा सोडून जोडली तर अंतर कमी होऊनही प्रवाह लक्षणीय घटतो. कड्याच्या दोन बाजूंनी येणाऱ्या लहरी पहिल्या जोडणीत एकमेकींना साथ देतात आणि दुसऱ्या जोडणीत एकमेकींना खोडतात. समांतर जोडलेल्या दोन रोधकांची वाहकता बेरजेने मिळते हा शाळेतला नियमही इथे टिकत नाही. एकाच रेणूत दोन सारख्या वाटा समांतर ठेवल्या असता वाहकता दुपटीहून अधिक वाढू शकते, हे २०१२ साली प्रयोगाने दाखवले गेले.

ह्या प्रवाहाचे स्वरूप आकड्यांत पाहिले तरी ते विचित्रच आहे. एक नॅनोअँपिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ६०० कोटी इलेक्ट्रॉन, म्हणजे दर ०.१६ नॅनोसेकंदाला एक. फट ओलांडायला लागणारा काळ मात्र अंदाजे फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे नॅनोसेकंदाच्या दशलक्षांशांच्या, घरातला असतो. तेव्हा ६०० कोटींची ही वर्दळ चालू असतानाही रेणू जवळजवळ सर्व काळ रिकामाच असतो, आणि इलेक्ट्रॉन एकेकटा जातो. दुसरीकडे, हाच प्रवाह रेणूच्या इवल्याशा छेदाने भागला तर येणारी घनता साध्या तांब्याच्या तारेत चालवल्या जाणाऱ्या घनतेच्या शेकडो पट भरते, आणि तरीही रेणू जळून जात नाही, कारण बहुतेक ऊर्जा रेणूत न पडता पलीकडच्या धातूत जाऊन उतरते. रेणूच्या कामाचा हिशेब पुन्हा टोकांपाशीच येऊन पोचतो.

ह्या क्षेत्रातला सर्वांत अप्रिय प्रसंग टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. २००१ साली बेल लॅब्जमधील यान हेन्ड्रिक श्योन ह्याने रेणूंच्या एका थरापासून, आणि मग एकेकट्या रेणूपासूनही, उत्तम चालणारे ट्रान्झिस्टर बनवल्याचा दावा केला. रेणवीय मंडलांना त्या वर्षीचा सर्वांत मोठा वैज्ञानिक टप्पा म्हणून 'सायन्स' नियतकालिकाने गौरवलेही होते. पुढच्या वर्षी लिडिया सोन आणि पॉल मॅकयुएन ह्यांच्या लक्षात आले की वेगवेगळ्या प्रयोगांच्या म्हणून छापलेल्या आलेखांतला गोंगाट, म्हणजे मोजमापात अपरिहार्यपणे येणारी बारीक थरथर, अगदी एकसारखी आहे. माल्कम बीझली ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सप्टेंबर २००२ मध्ये २४ आरोपांपैकी १६ प्रकरणांत गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगितले आणि निबंध मागे घेतले गेले. ज्या विद्येत रेणू तंतोतंत सारखे असतात आणि मोजमाप मात्र कधीही दोनदा सारखे येत नाही, तिथे खोटेपणा सारख्या थरथरीतून उघडा पडावा, हे मला फार बोलके वाटते. पण ह्या एका प्रकरणाने क्षेत्राची बदनामी झाली असे म्हणून थांबणे सोपे आहे. त्याच सुमारास प्रामाणिक प्रयोगांतूनही एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे येत होती. धातूंच्या दोन थरांमध्ये रोटॅक्झेनसारखे, म्हणजे दांड्यावर कडे ओवल्यासारखे, गुंतागुंतीचे रेणू घालून बनवलेले काही खटके चालू-बंद होत होते खरे, पण २००४ साली असे दिसले की त्याच जागी साधे मेदाम्ल घातले तरी ते तसेच चालू-बंद होतात. त्या मांडणीत खटका रेणूत नव्हता, धातूच्या थरात होता. रसायनशास्त्रज्ञांनी कित्येक महिने खपून घडवलेला रेणू तिथे नुसता बघ्याच्या भूमिकेत होता, हे वाचून मला त्या निबंधाच्या लेखकांविषयी आदरच वाटला, कारण आपल्याच बाजूला प्रतिकूल असलेला निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच मांडला होता.

रेणूने खरोखर आपले काम केले तरी टोके ते पुसून टाकू शकतात, ह्याचे उदाहरण प्रकाशाने चालणाऱ्या खटक्यांचे आहे. डायअरिलइथीन नावाच्या कुळातले रेणू एका रंगाच्या प्रकाशात कडे जुळवून घेतात आणि दुसऱ्या रंगाच्या प्रकाशात ते उघडतात. जुळलेल्या रूपात प्रवाह अधिक जातो. द्रावणात हा खेळ पुन्हा पुन्हा करता येतो. २००३ साली हे रेणू सोन्याच्या दोन टोकांमध्ये जोडून पाहिले तेव्हा जुळलेले कडे प्रकाशाने उघडले, पण परत मिटले मात्र नाही. सोन्याचे इलेक्ट्रॉन रेणूत इतके मिसळले होते की उत्तेजित रेणूला वळायला वेळ मिळण्याआधीच त्याची ऊर्जा धातूत निघून जात असावी, असे स्पष्टीकरण दिले गेले. ह्यातून सुटका व्हायला २०१६ साल उजाडले. पेकिंग विद्यापीठात श्वेफंग ग्वो आणि सहकाऱ्यांनी सोन्याऐवजी ग्रॅफीनची, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या पत्र्याची, टोके घेतली आणि रेणू व टोके ह्यांच्या मध्ये मिथिलीनचे काही गट घातले. रेणू जोडलेला राहिला, पण टोकांच्या आहारी गेला नाही, आणि खटका दोन्ही दिशांनी विश्वासाने चालला. १९७४ च्या आकृतीत मिथिलीनचा पूल रेणूच्या मध्यभागी होता; तोच आता रेणूच्या दोन्ही कडांना आला.

डायोडची गोष्ट तर आणखी उलटी झाली. अविराम आणि रॅटनर ह्यांना रेणूच एका बाजूला दाता आणि दुसऱ्या बाजूला ग्राही असा असममित हवा होता, आणि तशा रेणूंच्या थरांनी काही प्रमाणात एकदिश प्रवाह दिलाही. पण २०१५ साली वेंकटरामन, लुईस कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या एकरेणू डायोडमध्ये पुढच्या आणि मागच्या दिशेच्या प्रवाहांत २०० पटींहून अधिक फरक दाखवला, त्यातला रेणू दोन्ही बाजूंनी सारखाच होता. असममितता टोकांत होती: आयनांनी भरलेल्या द्रावणात एका टोकाचा फार थोडा भाग उघडा ठेवला होता आणि दुसऱ्याचा पुष्कळ. चाळीस वर्षे रेणूत शोधलेला गुण शेवटी त्याच्या भोवतालातून मिळाला. ही हार आहे असे मला वाटत नाही, कारण हा डायोड कसा चालतो हे समजण्यासाठी आधी रेणूच्या ऊर्जापातळ्या टोकांच्या संदर्भात नेमक्या कुठे बसतात हे कळावे लागते, आणि तेवढे कळायला मधली सगळी वर्षे लागलीच असती.

ह्या रेणूंचा संगणक होईल का, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर नाही असे आहे, निदान आज ज्याला आपण संगणक म्हणतो तशा अर्थाने तरी नाही. अब्जावधी भाग जोडायचे तर प्रत्येक जोडणी सारखी हवी, आणि जोडणी ही धातूची बाजू आहे. सोन्याचे अणू सामान्य तापमानाला पृष्ठभागावर सरकत राहतात आणि जोडणी ताणली तर गंधक सुटण्याआधी पुष्कळदा सोन्याचाच एखादा अणू सोन्यापासून सुटून येतो. शिवाय २००० साली सी-६० च्या, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या, एकेका रेणूपासून बनवलेला ट्रान्झिस्टर काम करू शकतो हे दिसले असले, तरी ते काम अतिथंड तापमानातले होते. ट्रान्झिस्टरचे तिसरे टोक रेणूच्या पुरेसे जवळ नेणे दोन टोके जोडण्यापेक्षाही अवघड आहे.

मला आशा वाटते ती वेगळ्याच दिशेने. जी गोष्ट घटक म्हणून रेणूची उणीव आहे, म्हणजे शेजारी काय आले ह्याने त्याचा प्रवाह बदलणे, तीच संवेदक म्हणून त्याची लायकी आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात सिलिकॉनच्या चिपवर हजारो सूक्ष्म जागा तयार करून प्रत्येक जागी दोन टोकांमध्ये रेणूचा एकेक पूल बसवला होता, आणि त्या पुलाला अडकवलेल्या रेणूपाशी दुसरा एखादा रेणू येऊन बसला की प्रवाहातला फरक चिप नोंदवत होती. तिथे गणित, साठवण आणि नियंत्रण हे सगळे सिलिकॉनकडे आहे. रेणूकडे फक्त ओळख पटवण्याचे काम आहे, जे सिलिकॉनला मुळीच जमत नाही. एखादे एन्झाइम डीएनएची साखळी जोडत असताना एकेका पायरीला होणारी प्रवाहाची हालचाल अशा पुलावरून वाचता येते, आणि हे वाचताना दोन जागांची वाहकता मुळात थोडी वेगळी असली तरी फारसे बिघडत नाही, कारण प्रत्येक जागेची तुलना तिच्या स्वतःच्याच आधीच्या प्रवाहाशी करायची असते.